भुऱ्या केसांचे रविवार

बापूराव देवघरे दाढीसुद्धा हप्त्यांनी करत. सोमवारी डावा गाल, मंगळवारी उजवा. कचेरीत कॅलेंडर यायचं होतं तोवर आम्ही त्यांचा गाल पाहून वार सांगत असू. खोटं वाटत असेल तर साक्षीदार देतो. तो मीच आहे.

“टप्प्याटप्प्यानं, जोशी, टप्प्याटप्प्यानं,” असं म्हणत ते एक जिलबी दोन दिवस खात.

छप्पन साली मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला उठून आली आणि तिच्यामागून आम्ही कारकून टी. टी. नगरच्या ओल्या प्लास्टरच्या क्वार्टरांत येऊन पडलो. शेजारी बापूराव आणि त्यांची पंधरा वर्षांची शालू. आई नाही, मैत्रिणी नागपुरात राहिलेल्या. या बदलीपायी तिनं बापाशी अबोला धरला. असा अबोला, की भिंतीपलीकडे माझ्या पोपटानंही बोलणं सोडलं!

तीन महिन्यांनी ती बोलली. “बाबा, मला भुरे केस हवेत.” वर्गातल्या पठाण मुलींचे केस तांबूस, आणि काळ्याकुट्ट वेण्या घेऊन ही बाकावर एकटी.

दुसरा बाप ओरडला असता. बापूराव, लेक बोलली या आनंदात, उलटसुलट चपला घालून जुन्या शहरातल्या अत्ताराकडे धावले. त्यानं केस उजळवणारी बाबूनाची वाळकी फुलं बांधून दिली. “काढ़ा उबालो, नींबू निचोड़ो, धूप में बिठाओ. और सबर रखो खां! बाल हैं, पतंग नहीं कि आज रंगी, कल उड़ाई.”

सबर! बापूरावांना तर देवच भेटला.

दर रविवारी अंगणात स्टूल. त्यावर शालू, मागे कापसानं काढा लावणारे बापूराव, कुंपणाशी पंच म्हणून मी. पहिली बट कागदाला चिकटवून त्यांनी चक्क फाइल उघडली होती.

“काका, दिसतो का रंग?”

“दिसतो ना! मुंगीनं भिंग लावलं तर.”

“बाबा, डोळ्यात लिंबू!”

“मग हलू नकोस ना, बाई.”

केस वाळायला दोन तास. तेवढ्या वेळात शाळा, बाई, वर्गातली रुखसाना, नागपूर, सगळ्यांवर शालूची बडबड. माझा पोपट तिच्यापुढे मौनीबाबा! केस मात्र सहा महिने जवाहर चौकातली लिंबं पिऊनही काळेच.

एका शनिवारी मी तिला मागच्या दारी पकडलं. डोक्यावर माक्याचं तेल थापत होती. केस काळे करणारं!

“अगं, उद्याच्या काढ्याचं मातेरं!”

“ओरडू नका ना, काका. रंग आला की रविवार संपले. मग बाबा परत फायलींत.”

मी तडक बापूरावांकडे. “अहो, पोरगी तुम्हाला फसवते आहे! माक्याचं तेल लावते!”

त्यांनी घाईघाईनं खिडकी लोटली.

“हळू बोला, जोशी. तिला वाटतं, मला ठाऊक नाही. बाटली तळाला गेली की मीच गुपचूप भरून ठेवतो.”