सिंधूबाईंनी खिंड सोडिली त्याची हकिकत

श्रीवास्तुदेवता प्रसन्न असो, आणि भिंतीतली ओल शांत असो. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, माघ मास, संवत्सराचे नाव शुभकृत, परंतु ते साली दोन इमारतींच्या राज्यात जो कलह जाहला तो येथे लिहिला आहे. राज्य लहान. पूर्वेस एक इमारत, पश्चिमेस एक, दोन्ही एकाच वर्षी बांधिलेल्या, आणि मध्ये चाळीस हात मोकळी जागा, तीस लोक खिंड म्हणत. खिंडीत एक बाक, एक शेवगा आणि केळुसकरांची मोटार. बाकी तेथे काही नव्हते, आणि काही नसण्याचे वर्णन शब्दांनी होत नाही, म्हणोन कागदावरही तेवढी जागा सोडिली आहे:

॥                                        ॥

पूर्वेच्या तिसऱ्या मजल्यावर सिंधूबाई चौगुले राहत. शिवणवर्गाच्या निवृत्त बाई, वय बहात्तर, जीभ कात्रीसारखी. आणि बरोबर समोर, पश्चिमेच्या तिसऱ्या मजल्यावर कुमुदबाई हर्डीकर. दोघींची स्वयंपाकघरे खिंडीवर उघडत. दुपारी चार वाजता जी आधी चहाचे आधण ठेवी ती खिडकीच्या गजावर सांडशीने दोन टोले देई, आणि दुसरी एक टोला देई, की ऐकले, मीही ठेवते, आणि मग दोघी आपापल्या खिडकीत कप घेऊन उभ्या राहत आणि चाळीस हातांवरून बोलत, जेणेकरून सिंधूबाईंच्या सुनेची आणि कुमुदबाईंच्या जावयाची गाऱ्हाणी उभय इमारतींस तोंडपाठ जाहली होती. ऐसी अडतीस वर्षे गेली. मग पश्चिमेचे खांब फुगले आणि आतील लोखंड दिसू लागले, आणि पालिकेकडील तपासनीस आले, त्यांनी खांबावर हातोडी मारून कान लाविला, वैद्य छातीस लावतो तैसा, आणि हुकूम केला की वरचे दोन मजले रिकामे करावे. मग कुमुदबाई एक पिशवी घेऊन नागपुरास लेकीकडे गेल्या. जाताना बोलिल्या, "दोन महिन्यांत येते." त्यास दोन वर्षे जाहली. सिंधूबाई रोज चार वाजता दोन टोले देत आणि समोरून उत्तर न येई, आणि आधणात हाताने दोन कपांचेच पाणी पडे, आणि दुसरा कपही त्याच पीत. हे त्यांनी कोणास सांगितले नाही.

ते समयी राज्याचे कारभारी, म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी, पोतनीस, यांनी मसलत काढिली की खिंडीत एका बांधकामवाल्यास नवी चार मजली इमारत उभी करू द्यावी, आणि तिच्या बदल्यात त्याने पश्चिमेचे खांब नवे करून द्यावे. हे ऐकोन राज्यात मोठा गलबला उठला. मोटारवाले केळुसकर, पूर्वेचेच रहिवासी, सर्वांपुढे येऊन बोलिले, "मग माझी मोटार काय डोक्यावर ठेवू?" पोतनीस बोलिले, "केळुसकर, तुमची मोटार मागल्या दिवाळीपासून सुरू झालेली नाही. तिच्यावर शेवग्याच्या शेंगा पडतात. आम्ही तिला बाक समजतो." मग सिंधूबाई उठल्या आणि म्हणाल्या की उजेड जाईल, वारा जाईल, आणि आपल्या घरात कोणी काय शिजवलं ते पंधरा हातांवरून परका माणूस बघेल, हे होऊ देणार नाही. मनात मात्र एकच होते, की ती समोरची खिडकी, तिचा तो वाकलेला तिसरा गज, तिच्यावर अजून वाळत असलेले कुमुदचे निळे फडके, हे भिंतीआड जाईल. ते त्या बोलिल्या नाहीत. मग हातात वही घेऊन जिने चढल्या आणि उतरल्या, आणि गुडघ्यांस तेल लावून पुन्हा चढल्या, आणि अठ्ठेचाळीस घरांपैकी सव्वीस घरांच्या सह्या विरोधात घेतल्या. लोक म्हणो लागले की बाई खिंड लढवितात. रविवारी दरबार भरणार, ठराव पडणार, हे निश्चित जाहले.

मग शनिवारी सिंधूबाईंनी मोठ्या उमेदीने नागपुरास फोन लाविला.

"कुमुद, झालं बघ. सव्वीस सह्या. उद्या ठराव आपटतोय."

"कुठला गं?"

"मध्ये इमारत घालायचा. तुझ्या खिडकीसमोर भिंत येत होती. येऊ दिली नाही."

पलीकडे जावयाने बातम्या लाविल्या होत्या, त्यांपासून कुमुदबाई फोन घेऊन आतल्या खोलीत गेल्या.

"आणि आमचे खांब?"

"होतील की. वर्गणी काढू म्हणाले केळुसकर."

"केळुसकर," कुमुदबाई बोलिल्या, आणि हसल्या, परंतु ते हसणे लांब न गेले. मग बोलिल्या, "सिंधू, माझी ती पिशवी अजून रिकामी केली नाहीये मी. लेकीने कपाटात खण दिलाय. चांगली आहे पोर, जावईही चांगले, तक्रार नाही. पण वरचं पातळ काढायचं, नेसायचं, धुवायचं आणि परत पिशवीत. इथे चहा पाच वाजता होतो. मला विचारून करतात. मी हो म्हणते."

"अगं पण तुझी खिडकी..."

"खिडकी वाचवलीस. आणि मी?"

सिंधूबाईंनी फोन ठेविला. चार वाजून गेले होते. त्यांनी सांडशी उचलली आणि गजापाशी नेली आणि टोला न देता परत ठेविली. समोर निळे फडके वाऱ्याने हलत होते. ते दोन वर्षांच्या उन्हाने पांढरे जाहले होते, आणि हे त्यांस त्या दिवशी प्रथम दिसले.

रविवारी खिंडीतच खुर्च्या मांडून दरबार भरला. पोतनिसांनी ठराव वाचिला आणि पडलेल्या चेहऱ्याने बोलिले की अनुकूल असतील त्यांनी हात वर करावे. पश्चिमेचे हात वर जाहले, आणि पूर्वेच्या खुर्च्यांतून एकच हात वर गेला, तो सिंधूबाईंचा.

केळुसकर हळूच बोलिले, "सिंधूताई, विरोधाचे हात नंतर. हा पहिला प्रश्न आहे."

"कळतं मला."

"अहो, सह्या तुम्हीच गोळा केल्यात."

"केल्या. एका माणसाला विचारायचं राहिलं होतं. काल विचारलं."

आणि हात वरच ठेविला, खांदा दुखे तरी ठेविला. मग ज्यांनी सही विषयास न देता बाईंस दिली होती त्यांचेही हात एकामागून एक उठले आणि ठराव मंजूर जाहला. केळुसकर रागाने मोटारीत बसून निघाले. मोटार सुरू न जाहली. मग ते पायी गेले.

मग शेवगा पडला आणि बाक उचलला आणि धूळ उडाली, आणि नवी इमारत मजल्या-मजल्याने चढली. तिसऱ्या मजल्याच्या विटा चढल्या त्या दिवशी सिंधूबाई सकाळी दहापासून खिडकीत उभ्या होत्या. आधी समोरच्या खिडकीची चौकट गेली, मग फडके गेले, मग वाकलेला गज गेला. गवंड्याने विचारिले, "आजी, काही पाहिजे का?" त्या बोलिल्या, "नको. चालू द्या तुमचं."

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, श्रावण मास, बुधवारी कुमुदबाई स्वस्थानी आल्या, आणि आधी पिशवी रिकामी केली. दुसरे दिवशी चार वाजता सिंधूबाईंनी आधण ठेविले आणि गजावर दोन टोले दिले. आवाज पंधरा हातांवरील नव्या भिंतीस लागला आणि परत आला. दोन टोले. त्या एका टोल्याची वाट पाहत राहिल्या. चहा गाळला, त्यावर साय धरली, आणि मग दाराची घंटा वाजली. दारात कुमुदबाई, एक हात चौकटीस, एक गुडघ्यास. साठ पायऱ्या उतरून आणि साठ चढून आल्या होत्या.

"टोले दिलेस?"

"दिले."

"ऐकू नाही आले."

"मग आलीस कशी?"

"चार वाजले," कुमुदबाई बोलिल्या, आणि सवयीने खिडकीपाशी कप घेऊन उभ्या राहिल्या, आणि समोर भिंत पाहोन खाली बसल्या.

येणेप्रमाणे खिंड बुजली, पश्चिमेचे खांब सावरले, आणि मध्ये सोळा नवी घरे नांदू लागली. राज्य आता ऐसे आहे:

॥          ॥          ॥

कुमुदबाईंचा गुडघा आठवड्यातून तीन दिवस साठ आणि साठ पायऱ्या मान्य करतो. उरल्या चार दिवशी सिंधूबाई दोन टोले देतात आणि भिंतीकडून दोनच परत येतात. उत्तर एका टोल्याचे असते. म्हणोन त्या गॅस बारीक करून अजून थोडा वेळ कान देतात, आणि मग आधणात चहापूड टाकतात.