भागीरथीबाईंच्या भांड्यांचं प्रदर्शन

"ठाण्यात कलादालन होणार आणि त्याचा पहिला क्युरेटर हा कुंडलिक गावंड होणार! लिहून ठेव!" अशी घोषणा गावंड मास्तरांनी डोंबिवलीतल्या आपल्या स्वयंपाकघरात, पाटावर बसून, तोंडात भाकरीचा घास असताना केली. ऐकायला फक्त बायको होती. पण घोषणा करणारा माणूस श्रोते मोजत बसला तर या देशात एकही घोषणा व्हायची नाही.

"क्युरेटर म्हणजे काय हो?" शालनने विचारलं. "चित्रं टांगणारा?"

"टांगणारा नव्हे! काय टांगायचं ते ठरवणारा!"

"म्हणजे स्वतः काढायची नाहीत?"

"अजिबात नाहीत!"

"मग बरंय," म्हणून शालनने त्यांच्या ताटात आमटी वाढली.

हे 'बरंय' मास्तरांना चांगलंच झोंबलं. ठाण्याच्या एका शाळेत ते वर्षानुवर्षं पोरांना मडकं आणि पेरू काढायला शिकवत होते, आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः खाडी रंगवत होते. भरतीची खाडी, ओहोटीची खाडी, संध्याकाळची खाडी. सगळ्या खाड्या आता पलंगाखाली एकीवर एक पडल्या होत्या. एक चित्र त्यांनी मेहुण्याला लग्नात भेट दिलं होतं. त्याने ते भिंतीला लावलं खरं, पण वरून बँकेचं कॅलेंडर अडकवलं!

म्हणून नौपाड्यात 'समकालीन कला आणि क्युरेशन : जाहीर व्याख्याने व प्रशिक्षण वर्ग' अशी पाटी दिसली तेव्हा मास्तर चप्पल काढून आत शिरले. वर्ग घेणारे विद्वांस सर खांद्यावर शबनम, पायात कोल्हापुरी आणि तोंडात परदेश अशा थाटाचे होते. पहिल्याच व्याख्यानात त्यांनी टेबलावर मूठ आपटून सांगितलं, "चित्रकार मेला! आता जिवंत आहे तो मांडणारा!" समोरची पोरं दचकली. मास्तरांना मात्र सुटल्यासारखं वाटलं. आपण मेलोच आहोत तर मग पलंगाखालच्या खाड्यांची काळजी कशाला?

शिवाय एक बातमी होती. कोणी शेठ ठाण्यात कलादालन बांधणार होते आणि ते विद्वांस सरांच्या शब्दाबाहेर नव्हते. वर्गाच्या शेवटी प्रत्येकाने एक प्रदर्शन मांडायचं आणि ज्याचं उत्तम ठरेल त्याचं नाव सर शेठकडे सुचवणार!

मास्तरांना कल्पना सुचली ती जेवतानाच. समोरचं ताट, वाटी, पेला, सगळं आईचं. भागीरथीबाई जाऊन वर्ष होत आलं होतं. तिला दोनच नाद होते, स्टीलची भांडी घ्यायची आणि त्यांवर नाव घालून घ्यायचं. घरात काही शुभ घडलं की ती नाव घालणाऱ्याला दारात बसवून घ्यायची. 'नवीन घर', 'ह्यांना बढती', 'गाय व्यायली', सगळं भांड्यांवर. धाकट्या मुलीच्या वाटीवर तर 'चि. कलावती सातवी पास' असं कोरलेलं होतं, कारण सातवीपर्यंत पोचलेली त्या घरातली ती पहिली बाई. मास्तरांच्या नावाचं मात्र एकही भांडं नव्हतं. मुलगा घरातच राहणार, त्याचं नाव कशाला घालायचं, असा आईचा साधा विचार.

"आईचं सगळं आयुष्य या भांड्यांवर आहे!" मास्तर ओरडले. "पांढऱ्या चादरीवर सगळी मांडायची! खाली एकच शब्द, आई!"

त्याच आठवड्यात कलावती शहाडहून आली. आईच्या मागे तिने काहीच मागितलं नव्हतं, दागिनेसुद्धा नाहीत. आज म्हणाली, "दादा, तेवढी माझी वाटी नेऊ का रे? सातवीची?"

"आत्ता नको गं! एक काढली तर मांडणी मोडेल!"

"अरे, एक वाटी तर आहे!"

"कला आहे ही, कला! भांड्यांचं दुकान नव्हे!"

कलावतीने चहाचा कप उचलला. चहा पिऊन झाल्यावर तिने ती वाटी स्वतः घासली, पुसली आणि जागच्या जागी ठेवून ती गाडीला गेली.

प्रदर्शनाची जागा नौपाड्यातल्या सभागृहाच्या वरच्या मजल्यावर होती. आता प्रेक्षक कुठून आणायचे? विद्वांस सरांची शिकवण स्पष्ट होती. प्रेक्षक आणणं हे क्युरेटरचं पहिलं काम, आणि 'हात लावू नये' ही पाटी म्हणजे कलेचा खून! मास्तरांनी चौकशी केली तर त्याच दुपारी खालच्या हॉलमध्ये महिला मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू! ते तडक मंडळाच्या अध्यक्षा तुळसाबाईंकडे गेले. "तुमचं आटोपलं की सगळ्या जणींना वर पाठवा!" तुळसाबाईंना वाटलं, वरही कोणाचं तरी हळदीकुंकू आहे. बोलावणं आलं की सवाष्णीने नाही म्हणू नये, म्हणून त्यांनी लगेच होकार दिला.

शालनने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, हळदीकुंकवाला येणारी बाई पिशवी घेऊन येते, एवढं तरी लक्षात घ्या!"

"तुला कलेतलं काय कळतं?"

"कलेतलं नाही कळत. वाणातलं कळतं!"

पण मास्तर ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. त्यांनी पांढरीशुभ्र चादर अंथरली, तिच्यावर आईचं झाडून सगळं स्टील ओळीने मांडलं. मधोमध समई लावली. दाराशी रांगोळी काढली. विद्वांस सरांच्या वर्गातली हेमा नावाची मुलगी होती, तिच्या एका हातात गुलाबदाणी आणि दुसऱ्या हातात तिळगुळाचं ताट दिलं. "येईल तिचं हसून स्वागत कर!" आणि भिंतीवर ठळक अक्षरांत पाटी लावली, 'हात लावावा. उचलावे. अनुभवावे.'

मग ते विद्वांस सरांना आणायला स्टेशनवर गेले.

आता सांगा, संक्रांत आणि रथसप्तमीच्या मधल्या दिवसांत, गुलाबपाणी शिंपडून, तिळगूळ देऊन, चादरीवर ओळीने मांडलेल्या स्टीलच्या भांड्यांकडे नेलं तर कपाळाला ताजं कुंकू लागलेल्या बाईने दुसरं काय समजायचं? त्यात खाली वाण म्हणून मिळाली होती प्लॅस्टिकची साबणाची डबी!

"अगंबाई! डबे पण आहेत!"

"जुनं स्टील दिसतंय. जड आहे हो, आताच्यासारखा पत्रा नाही!"

"कुणाकुणाची नावं आहेत गं ह्यांच्यावर?"

"असू देत! नाव काय पोटात जातंय?"

"काकू, काकू!" हेमा रडकुंडीला आली. "ही कलाकृती आहे!"

"फारच छान आहे हो! घे, तूही तिळगूळ घे!" म्हणून एकीने तिच्याच ताटातला लाडू तिच्या तोंडात कोंबला. त्यामुळे पुढचा निषेध तोंडातच राहिला. गडबड वाढली तशा तुळसाबाई स्वतः वर आल्या आणि त्यांनी शिस्तीत रांग लावून दिली. "एकीला एकच! ढकलाढकली नको! काय दांडगं वाण लुटलंय हो, आपल्या मंडळाने शिकण्यासारखं आहे!"

स्टेशनवर विद्वांस सर उशिरा उतरले, मग त्यांना चहा लागला, मग चहाबरोबर वडा लागला. मास्तर त्यांना रिक्षातून घेऊन आले तेव्हा कलावती सभागृहाच्या दारात उभी होती. रुसवा गिळून दादाचं प्रदर्शन बघायला आली होती. तिघं जिना चढू लागले, तोच वरून एक बाई परात कडेवर घेऊन उतरली.

"दादा, ती आईची परात!"

"असेल तशी दुसरी!" मास्तर म्हणाले आणि दोन-दोन पायऱ्या चढू लागले.

वर पांढरी चादर होती, समई होती आणि खाली चिठ्ठी होती, 'आई'. बाकी चमचासुद्धा नव्हता! कोपऱ्यात हेमा डोळे पुसत उभी होती.

मास्तर चादरीपाशी धावले. तेवढ्यात मागून विद्वांस सरांचा आवाज आला. "वा!"

मास्तर वळले.

"वा, गावंड! रिकामी चादर! आई गेल्यावर उरतं ते हेच! हे धाडस आपल्याकडे कुणी केलं नाही हो! सुचलं कसं तुम्हाला?"

कलावतीने भावाची बाही ओढली. "दादा, पळ! अजून रस्त्यावरच असतील बायका! मी डावीकडे बघते, तू स्टेशनच्या बाजूला जा!"

मास्तरांनी सरांकडे पाहिलं. उभ्या आयुष्यात त्यांना कुणी 'वा' म्हटलं नव्हतं. मडक्याला नाही, पेरूला नाही, खाडीला नाही.

"थांब गं जरा," ते म्हणाले. "सर बोलतायत."

कलावतीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि ती एकटीच धावली. रस्त्यात तिला दोघी-तिघी सापडल्या. पण त्या म्हणाल्या, "अहो, वाण कुणी परत मागतं का? अशुभ असतं!" ती स्वतःही सवाष्ण, तिला पुढे बोलवेना. तशीच ती रिकाम्या हाताने शहाडला गेली. वर सरांचं बोलणं चालूच होतं आणि मास्तर माना डोलावत होते.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण सांगताना माझंही तोंड कडू होतं. मास्तरांचं प्रदर्शन सर्वोत्तम ठरलं. मग शेठचा विचार बदलला आणि कलादालनाच्या जागी त्यांनी लग्नाचा हॉल बांधला. रिकामी चादर मात्र विद्वांस सरांनी दिल्लीला नेली. पेपरात फोटो आला. त्यात चादर होती, समई होती, आई होती, सरही होते. गावंडांचं नाव कुठेच नव्हतं. जिवंत असतो तो मांडणाराच, हे मास्तरांना त्या दिवशी पुरतं समजलं. घरी शालनने माहेरची भांडी माळ्यावरून काढली आणि मास्तर सासऱ्याचं नाव घातलेल्या ताटात जेवू लागले. भाऊबीजेला कलावती आली नाही.

आली ती पुढच्या संक्रांतीला. बसली नाही. पिशवीतून वाटी काढली, तीत तिळाचा एक लाडू होता. वाटी तिने हातातच धरली.

"तिळगूळ घे दादा, गोड बोल."

मास्तरांनी लाडू उचलला आणि त्यांना काठावरची अक्षरं दिसली. 'चि. कलावती सातवी पास.'

"ही... ही कुठे मिळाली तुला?"

"शेजारणीच्या हळदीकुंकवाला. तिला नणंदेने दिलेली, नणंदेला आणखी कुणीतरी. मला वाण म्हणून दिली तिने. म्हणते कशी, बघ गं, तुझ्याच नावाची निघाली!"

सख्ख्या भावाने दिली नाही ती वाटी परक्या बाईने कुंकू लावून दिली होती. हे कलावती बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं. त्यांना रडू आलं, आणि लाडू तोंडात असल्यामुळे ते धड रडताही येईना.

"कला, एवढी राहू दे गं माझ्याकडे," ते कसेबसे म्हणाले. "आईचं घरात काही म्हणजे काही उरलं नाही."

"नको दादा," कलावती म्हणाली. "मांडणी मोडेल."

शालनने पुढे होऊन वाटी घेतली, धुतली, रिकामी कशी द्यायची म्हणून तीत चिमूटभर साखर घातली आणि नणंदेच्या हातात दिली. 'हात लावावा' असं या खेपेला मास्तरांना कुणीच म्हटलं नाही.