सगळी हवा काढ

तापमानाचा काटा तिसऱ्यांदा लाल खुणेला टेकला आणि ट्रकमालकाने वेग कमी केला. शेजारी बायको, तिच्यापलीकडे खिडकीशी वर्तमानपत्राने वारा घेणाऱ्या सासूबाई, मागे सासूबाईंचं अख्खं घरसामान आणि त्यातल्याच सोफ्यावर मेहुणा. एसी नुसता घरघरत होता.

"आज आईसमोर गाडी रखडली, तर उद्या विकायची!" बायकोने निघतानाच बजावलं होतं. अठरा वर्षांचा ट्रक विकायच्या कल्पनेनेच त्याला कसंतरी होत होतं. पण थांबण्यावाचून गत्यंतर नव्हतं. गाडी बाजूला घेऊन त्याने मिस्त्रीला फोन लावला.

"काल रेडिएटरचं पाणी बदललंस ना? मग आत हवा अडकलीय. इंजिन असं तापल्यावर एसी काय कपाळ थंड करणार? आधी निवू दे, मग सांगतो."

ट्रकमालकाने फोन मेहुण्याच्या हातात कोंबला. "मी पाणी आणतो. तोवर मिस्त्री सांगेल तसं कर."

मेहुण्याने मान डोलावली. सांगितलेलं काम तो अगदी मन लावून करायचा, हीच त्याच्याबद्दलची मुख्य तक्रार होती.

नळ सापडेपर्यंत अर्धा तास गेला. बादली सांभाळत ट्रकमालक परतला, तर ट्रक ठेंगणा झालेला.

"तीन चाकं झाली भाऊजी, एकच राहिलंय!"

"अरे, टायरची हवा काढायला कोणी सांगितलं?"

"मिस्त्रीने! सगळी हवा काढ म्हणाला. मी दोनदा विचारलं, सगळी? तर म्हणाला, बुडबुडासुद्धा ठेवू नकोस."

ट्रकमालक मटकन खाली बसला. संपलं सगळं. त्याला रडूच यायला लागलं.

बायको तणतणत उतरली. तिने टायर पाहिले, नवऱ्याकडे पाहिलं, मग भावाच्या हातातला पाना पाहिला. तिचा आवाज एकदम खाली आला.

"हे आईला कळलं तर ती याला जन्मभर ऐकवेल. तुम्ही काही बोलू नका. मीही गाडी विकायचं नाव काढणार नाही."

"नक्की?"

"नक्की म्हटलं ना!"

त्याचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात वरून सासूबाईंनी विचारलं, "अगं, गाडी खाली कशी बसली?"

"आई, तुला उतरायला सोपं जावं म्हणून यांनीच जरा खाली घेतलीय."

"गुणाचा गं माझा जावई!" सासूबाईंनी कौतुकाने दार उघडून पाय सोडला. तो अधांतरीच राहिला.

"अहो जावईबापू, मग नेमकी माझीच बाजू का हो उंच ठेवलीत?"