शांत पाण्याचा दोरा

घड्याळजींनी न्हाणीघरातलं पिंप पुन्हा काठोकाठ भरलं, तसा बाहेरून बायकोचा आवाज आला.

"अहो, आंघोळ करताय की पोहताय?"

"गळाची तरंगणी जोखतोय!"

मासे धरायचे म्हणजे नुसती काठी घेऊन काठावर बसायचं, हे घड्याळजींना मुळीच मान्य नव्हतं. वाहत्या पाण्याला जाड दोरा आणि शिशाचे मोठे मणी. वाऱ्याच्या पाण्याला गोलसर तरंगणी. आणि शांत पाण्याला? केसाइतका बारीक, माशाच्या बापालाही दिसू नये असा दोरा! घड्याळं उघडायच्या चिमट्यात शिशाचा कण धरून ते पिंपात तरंगणीचा तोल साधत बसत आणि तिकडे दुकानात गिऱ्हाइकांची घड्याळं खुशाल बंद पडून असत. एवढं करूनही दर वर्षी तळ्यावरच्या स्पर्धेत मासा लागायचा तो साडूंच्या गळाला. साडू एक बांबू आणायचे, कणकेची गोळी लावायचे आणि बसल्या बसल्या डुलक्या काढायचे. घड्याळजींचा नुसता जळफळाट व्हायचा.

या खेपेला बायकोने निकालच लावला होता. "रिकाम्या हातांनी आलात तर सगळ्या काठ्या भाऊजींना देऊन टाकायच्या. निदान पिंपात पाणी तरी राहील."

स्पर्धेच्या सकाळी तळं अगदी आरशासारखं निवांत होतं. घड्याळजी मनातून हरखले. त्यांनी डबा उघडला, तर काय! बारीक दोऱ्याचं रीळ गायब! त्यांनी घाईघाईने घरी फोन लावला.

"अगं, माझा शांत पाण्याचा दोरा कुठाय?"

"तो दिसत नाही तो? अगोबाई, तुमचा होता होय? माझ्या शिलाईच्या मशीनवर पडला होता. काल भाऊजी नवी पँट घेऊन आले, खालची तुरपाई करायला. म्हटलं, टाके दिसायला नकोत."

"सगळा संपवलास?"

"रिळावर उरला होता केवढासा! एका पायालाच पुरला हो. दुसऱ्याला काळा घातला."

शेजारीच साडू नव्या पँटमध्ये ऐटीत बसले होते. घड्याळजींनी लाज गिळली.

"साडूभाऊ, जरा पाय पुढे करता?"

"आत्ताच पाया पडताय? स्पर्धा तर होऊ द्या!"

खरं कारण कळल्यावर साडू पोट धरधरून हसले. "काढा, काढा! माझ्या पँटच्या जिवावर मासे धरलेत, असं गावभर सांगेन."

घड्याळजींनी चिमट्याने टाकान् टाका उसवला. दोरा निघाला, पण टाक्याटाक्याला असा काही मुरडला होता की कितीही ओढला तरी सरळ होईना. अखेर त्यांनी वाहत्या पाण्याचा जाड दोराच नाइलाजाने तळ्यात सोडला. त्या नितळ पाण्यात तो दोरखंडासारखा दिसत होता. मासे लांबूनच वळसा घालून जात होते. काठ्या गेल्याच म्हणायच्या!

इतक्यात साडूंचा बांबू वाकला. "लागला!" म्हणत ते ताडकन उठले, उसवलेल्या पँटच्या लोंबत्या टोकात पाय अडकला आणि धपकन तळ्यात!

पाणी गुडघाभरच होतं, पण साडूंनी उठायची जी धडपड केली, तिने तळाचा सगळा चिखल वर आला. साडूंचा मासा निसटला. गढूळ पाण्यात घड्याळजींचा जाड दोरा कुठल्या कुठे दिसेनासा झाला. ढवळलेल्या चिखलात चरायला मासे गोळा झाले आणि बघता बघता त्यांची तरंगणी गडप झाली. चांगला हातभर मासा!

संध्याकाळी साडू धुतलेली पँट घेऊन हजर झाले.

"मेहुणीबाई, एवढी पुन्हा तुरपाई करून द्या. या वेळी काळ्यानेच."

घड्याळजी उठले आणि तळ्यावरून येताना बाजारातून आणलेलं बारीक दोऱ्याचं नवं कोरं रीळ त्यांनी बायकोच्या मशीनवर ठेवलं.

"अहो, हा तर तुमचा शांत पाण्याचा!"

"असू दे," घड्याळजी म्हणाले, "दोन्ही पायांना पुरेल."