विचारासोबत पुरावा जोडावा

मनात आलेला प्रत्येक विचार खरा असतोच असे नाही, हे मानसशास्त्राने अलीकडे सिद्ध केले. कचेऱ्यांना ते पूर्वीपासून ठाऊक होते. पेन्शन कचेरीतल्या आमच्या हेडक्लार्कांनी तर समोर उभे राहून खोकणाऱ्या म्हाताऱ्यांकडेही हयातीचा दाखला मागितला आहे. (खोकणारा माणूस जिवंत समजावा, असे नियमात कुठेही म्हटलेले नाही.)

अशा खंबीर माणसाची झोप उडाली. कारण गंभीर होते: मोठे साहेब जिन्यात भेटले आणि हसले नाहीत. हसले नाहीत म्हणजे नाराज, नाराज म्हणजे बदली, बदली म्हणजे परगावी भाड्याची खोली आणि तिथे एकट्याने मरण. जिना चढून होईपर्यंत हेडक्लार्क मनाने वारलेही होते.

शेवटी ते विचार आणि वर्तन सुधारून उपचार करणाऱ्या समुपदेशक बाईंकडे गेले. बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, "या विचाराला पुरावा काय?"

हेडक्लार्कांना भरून आले. जन्मभर त्यांनी हा प्रश्न जगाला विचारला होता. त्यांना तो कोणी विचारला नव्हता. शोध घेता असे निष्पन्न झाले की साहेबांनी नवी कवळी बसवली होती आणि हसताना ती सुटत होती. झोप परत आली. पद्धत खरोखरच चांगली आहे, माझी काही तक्रार नाही.

हेडक्लार्कांचीही नव्हती, म्हणून त्यांनी ती पद्धत लोकहितार्थ सर्वांना लागू केली. पंखा फिरतच नाही म्हणणाऱ्या टायपिस्ट बाईंना टोकाचा विचार करू नये असे समजावण्यात आले. 'माझं काम कधीच होणार नाही' म्हणणाऱ्या आजोबांना, आपण भविष्य वर्तवत आहात, असे नम्रपणे कळवण्यात आले. त्या तिमाहीत तक्रारी शंभर टक्के घटल्या. (तक्रारी होत्याच, त्यांची नोंद 'विचार' या सदरात होऊ लागली.)

घरचे लोकही उपेक्षित राहिले नाहीत. बायको म्हणाली, गुरुवारी डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, भीती वाटते, बरोबर याल का. हेडक्लार्कांनी पेपर खाली न ठेवता सांगितले की भीतीला पुरावा लागतो आणि असली ऑपरेशनं शंभरातली अठ्ठ्याण्णव सुरळीत होतात. (आकडा त्यांनी जागच्या जागी काढला होता.)

"माझं या घरात कोणी ऐकत नाही," ती म्हणाली.

"'कोणी' म्हणणं बरोबर नाही, ते सरसकट विधान झालं," ते म्हणाले. घरात दोघेच राहत होते.

मग एका सकाळी चहा आला नाही. हा विचार नव्हता, वस्तुस्थिती होती. बायको बहिणीला घेऊन दवाखान्यात गेली, ऑपरेशन करून घेतले आणि बहिणीकडेच राहिली. हेडक्लार्क रिकाम्या स्वयंपाकघरात उभे राहून रडले, अगदी पुराव्यानिशी. ती परत येणार नाही, हा एकच विचार डोक्यात घेऊन ते बाईंकडे धावले.

"तपासायचे ते आपले विचार. दुसऱ्याचं नुसतं ऐकायचं," बाई म्हणाल्या. "हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." (सांगितले असावे. हेडक्लार्कांना आठवत नव्हते.)

त्यांनी फोन लावला. ती बोलत राहिली आणि ते तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. अर्ध्या तासात 'पुरावा' हा शब्द त्यांनी एकदाही काढला नाही. संसारात असे प्रथमच घडत होते.

"अहो, ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"पुरावा काय?"

हेडक्लार्कांनी नकळत खिसे चाचपले.

"बरं, एवढंच सांगा," ती म्हणाली, "ऑपरेशन कुठल्या डोळ्याचं झालं? सांगितलंत तर उद्या येते."

हेडक्लार्क अजून फोन धरून बसले आहेत. आपण हसताय, हसा. पण माणसाचा संसार अडला आहे, तेव्हा त्यांना मदत म्हणून पटकन सांगून टाका: कुठला डोळा, आणि वार कोणता? वर बघू नका.