घर रिकामे आढळले

नोटीस आली तेव्हा हेडक्लार्क घरातच होते, आणि नोटिशीत लिहिलं होतं की घरात कोणीही राहत नाही. तीस दिवस घर रिकामं आढळल्यामुळे ते प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या कुटुंबाला का देऊ नये, याचा खुलासा मागितला होता. हेडक्लार्कांनी नोटीस दोनदा वाचली. मसुद्यात खोड काढायला जागा नव्हती.

इमारत त्यांना नवी नव्हती. इथे पूर्वी कचेरी होती, आणि चौथ्या मजल्यावरच्या पेन्शन विभागात त्यांनी निवृत्तीपर्यंत एकतीस वर्षं काढली होती. कचेरी हलली, इमारत ओस पडली. ती पाडण्याऐवजी खांब-भिंती तशाच ठेवून आत घरं करायची, हे शहाणपण कोणाला तरी सुचलं. गच्चीवर सोलर पॅनेल आले. वीज वाया जाऊ नये म्हणून प्रत्येक छतात एक बारीकसा डोळा बसला. माणूस हलला की दिवा-पंखा चालू. नाही हलला की बंद, आणि यंत्रात नोंद : कोणी नाही. हेडक्लार्कांना घर मिळालं ते नेमकं त्यांच्या विभागाच्या जागेवर. जिथे टेबल होतं, तिथेच त्यांनी खुर्ची मांडली.

घोळ झाला तो तिथेच. न हलणं हीच त्यांची ख्याती. फायली त्यांच्याकडे येत, ते फायलींकडे जात नसत. बायको लेकीच्या बाळंतपणाला महिनाभर गेलेली. हे दिवसा खुर्चीत खांबासारखे, रात्री पलंगावर ओंडक्यासारखे. पेपरचं पान उलटलं तर यंत्राला वाटे, पडदा हलला असेल.

त्यांनी नोटिशीवरच्या नंबरला फोन लावला. "मी घरातूनच बोलतोय."

"घरात कोणी असल्याची नोंद नाही, काका," पलीकडची मुलगी म्हणाली.

हेडक्लार्कांनी फोन खाली ठेवला. हे वाक्य त्यांचंच होतं. काठी टेकत जिने चढून आलेल्या म्हाताऱ्यांना ते याच मजल्यावर सांगत, तुम्ही हयात असल्याची नोंद नाही. माणूस समोर धापा टाकत असे. कागद नसे.

संध्याकाळी बायको परतली. नोटीस वाचून ती पिशवी न ठेवताच खाली बसली. "जुनी खोली सोडलीय आपण. इथून काढलं तर जायचं कुठे?"

"उद्या तपासनीस येतोय. रीतसर होईल सगळं."

तपासनीस आला, भला माणूस होता. तिघं बसले. तो फॉर्म भरत होता, हेडक्लार्क तो उलटा वाचत होते, आणि बायको श्वास रोखून दोघांकडे बघत होती. दिवा विझला. पंखा थांबला. तपासनिसाच्या हातातलं यंत्र बारीक वाजलं.

"शून्य माणसं म्हणतंय," तो ओशाळून म्हणाला. "आता काय लिहू? तुम्ही तर समोर आहात."

"यंत्रात असेल तेच लिहायचं," हेडक्लार्क म्हणाले. "आणि तारीख वरच्या चौकटीत. आणा इकडे." त्यांनी तारीख नीट घातली आणि खाली सही ठोकली : तपासणीवेळी घरात कोणीही नव्हते, हे मान्य.

तपासनीस गेल्यावर बायको म्हणाली, "लोक दुसऱ्याच्या पायावर धोंडा पाडतात. तुम्ही स्वतःच्या पायावर पाडून घेतलात, वर सहीही केलीत."

"नोंद बरोबर होती."

"मग नोंद बदलायची. नोटिशीची मुदत संपायला सात दिवस आहेत. उठा."

ते उठले. पहिल्या दिवशी नुसत्या येरझारा झाल्या. दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, रिकामे हात हलवण्यापेक्षा झाडू तरी हलवा. तिसऱ्या दिवशी मीठ कुठे असतं ते त्यांना कळलं. चालता चालता बोलणं निघे. तिला गुडघ्याचं औषध सुरू होऊन चार वर्षं झाली होती, हे त्यांना पाचव्या दिवशी भांडी पुसताना समजलं.

"सांगितलं नाहीस कधी."

"सांगितलं होतं. तुम्ही 'हं' म्हणालात."

त्यानंतर ओट्यापासून गॅलरीपर्यंतच्या सगळ्या फेऱ्या त्यांनी आपल्याकडे घेतल्या. तिला बसवलं, आणि मधूनमधून नुसता हात हलवायला सांगितलं.

आठव्या दिवशी पत्र आलं. घर त्यांच्याकडेच राहणार होतं. बायकोने डोळे मिटून घेतले. खाली आणखी एक परिच्छेद होता. हालचालींवरून सदर घरात किमान सहा व्यक्ती राहत असल्याचे दिसते. परवानगी दोघांची आहे. उर्वरित चार व्यक्ती कोण, याचा खुलासा करावा.

"आता?" बायकोने विचारलं. "लिहा, नोंद चुकलीय म्हणून."

हेडक्लार्कांनी कोरा कागद घेतला. थोडा विचार केला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं :

"नोंद बरोबर आहे. उर्वरित चारही व्यक्ती मीच आहे. यापूर्वी घरी येणे जमले नाही."