धूळ शून्य, आवाज शून्य

एका रविवारी सकाळी मी कपाटाच्या दाराला तेल घालायचं ठरवलं. (ठरवलं म्हणजे, बायकोने तीन महिने रोज सांगितल्यावर मला ते आपणहून सुचलं.) ते दार असं करकरायचं की मी मोजे काढायला गेलो तर शेजारच्या घरात दिवे लागायचे. तर मी लांब चोचीची तेलाची डबी आणली, कपाटासमोर स्टूल मांडलं, चष्मा पुसला, आणि तेवढ्यात खाली एक किंकाळी ऐकू आली.

खिडकीतून वाकून बघितलं तर खाली लाल रंगाची एक चपटी गाडी उभी होती आणि तिच्यातून माझा मेहुणा बाहेर येत होता. बाहेर येत होता म्हणजे, आधी एक पाय, मग डोकं, मग बराच वेळ काहीच नाही, मग उरलेला मेहुणा. किंकाळी गाडीच्या ब्रेकची होती.

माझ्या मेहुण्याबद्दल आधी सांगायला हवं. तो बायकोचा धाकटा भाऊ. त्याला सगळं येतं. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण घरातलं काहीही बिघडलं की बायकोच्या तोंडून एकच वाक्य निघतं, "थांबा, माझा भाऊ बघेल." नळ, गीझर, मिक्सर, सगळं त्यानेच बघितलं. मी हातात स्क्रू ड्रायव्हर घेतला की ती हातात फोन घेते. "हे बघतील" असं तिने एकदा तरी म्हणावं, एवढी एकच माझी इच्छा होती. माणसाने फार मोठ्या इच्छा धरू नयेत म्हणतात. मी तर अगदी लहान धरली होती, तरी अकरा वर्षं झाली.

आणि त्या रविवारी ती संधी आपल्या पायांनी (नव्हे, चाकांनी) दारात आली.

"भावोजी, तुमच्याकडेच काम आहे," मेहुणा म्हणाला.

मी बायकोकडे बघितलं. तिने नीट ऐकलं की नाही याची खात्री करून घेतली.

गाड्या हवा किती खराब करतात हे मोजणाऱ्या सरकारी कार्यालयात मी कारकून आहे. धूर कधीपासूनच मोजतो. पण ब्रेक दाबले की चाकांतून बारीक काळी धूळ उडते, ती धुरापेक्षा कमी वाईट नाही, असं वरच्यांच्या लक्षात आलं आणि नवा नियम निघाला: ब्रेकची धूळ मोजा, ब्रेकचा आवाजही मोजा. वेगाच्या गाड्यांचे ब्रेक दांडगे, म्हणून त्यांची तपासणी सगळ्यात आधी. येत्या शुक्रवारपर्यंत ज्या गाडीला प्रमाणपत्र नाही, तिला सोमवारपासून शहराच्या हद्दीबाहेर उभं राहायचं. हा नियम मीच टाइप केला होता.

"मला आजच कामासाठी बाहेरगावी जायचंय, शनिवारी येणार," मेहुणा म्हणाला. "गॅरेजवाल्याला सांगतो, तो नेईल तपासणीला."

"गॅरेजवाला कशाला? मी आहे ना!" मी म्हणालो. "माझं ऑफिस, माझं टेबल, माझा शिक्का. मी बघतो."

"अहो, तुम्हाला ती गाडी..." बायको म्हणाली.

"मी बघतो म्हटलं ना!"

मेहुण्याने किल्ली दिली. जाता जाता म्हणाला, "भावोजी, एकच गोष्ट. हे ब्रेक सिरॅमिकचे आहेत. गार असले की ओरडतात. तपासणीच्या आधी तेवढे गरम करून घ्या, मग एकदम गप्प."

"करतो गरम. त्यात काय!"

गुरुवारी संध्याकाळी मी गाडी आवारातल्या आवारात फिरवून बघितली. ताशी आठच्या वेगाने. (गाडी ताशी तीनशेने जाते असं म्हणतात. माझं आणि तिचं त्या बाबतीत जमलं नाही.) ब्रेकवर पाय ठेवताच ती अशी किंचाळली की तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी कानातलं यंत्र काढून बघितलं. नियमातली आवाजाची मर्यादा मला तोंडपाठ होती. हा आवाज त्या मर्यादेच्या वर नव्हता, तिला ओलांडून पार पुढे गेला होता.

ब्रेक गरम करायला हवे होते. आता ते कसे करायचे, हे मी मेहुण्याला फोन करून विचारू शकलो असतो. पण मग बायको काय म्हणाली असती हे मला माहीत होतं.

मी घरातली गरम पाण्याची पिशवी भरली, टॉवेलात गुंडाळली आणि पुढच्या चाकाला टेकवून ठेवली.

वॉचमन आला आणि वाकून चाकाकडे बघू लागला.

"काय झालंय तिला?"

"ब्रेक गार आहेत."

"मग पांघरूण आणू का?"

पिशवी निवली, ब्रेक तसेच. मग मी बायकोचा हेअर ड्रायर खाली आणला आणि वॉचमनच्या केबिनमधून वायर ओढून एकेका चाकाला अर्धा अर्धा तास वारा दिला. चौथ्या चाकापर्यंत पोचलो तेव्हा पहिलं गार झालं होतं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एवढ्यात ड्रायरला वास आला आणि तो कायमचा थंडावला.

घरी आलो. कपाट उघडलं, तर ते करकरलं. आणि बघा, त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. किंकाळी ही काय आणि करकर ही काय, आवाज शेवटी एकाच जातीचा! कोरडी वस्तू कोरड्या वस्तूला घासते, ओरडते. त्यावर उपाय स्टुलावर रविवारपासून उभा होता.

शुक्रवारी सकाळी, बायको तयार होत होती तेवढ्यात, मी चारही चाकांच्या जाळीतून डबीची चोच आत घातली आणि आतल्या ब्रेकच्या चकत्यांना तेल दिलं. आधी दोन दोन थेंब. मग मनात म्हटलं, मेहुण्याची गाडी आहे, कंजुषी कशाला? डबी संपवली.

बायकोही बरोबर आली. (भावाची गाडी माझ्या एकट्याच्या हाती सोपवायला ती तयार नव्हती, पण तोंडाने म्हणाली, "मलाही जरा फिरायला मिळेल.") आमचं ऑफिस आमच्या गल्लीपासून सरळ चढावर आहे. मी पहिल्या गिअरमध्ये निघालो. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला आणि जाताना त्याने गाडीकडे हळहळून बघितलं. फाटकाशी मी ब्रेकवर पाय ठेवला. गाडी थांबली. आवाज नाही, हिसका नाही, काही नाही. चढावर गाडी तशीही आपोआपच थांबते, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही.

"आवाज गेला की हो!" बायको म्हणाली. तिच्या डोळ्यांत मी जे बघितलं ते अकरा वर्षांत बघितलं नव्हतं.

"मी म्हटलं होतं ना, मी बघतो." खरं सांगतो, त्या मिनिटाला मला फार बरं वाटलं. नंतर जे झालं ते झालं, पण ते मिनिट माझ्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही.

तपासणीच्या शेडमध्ये जमिनीत लोखंडी रोलर आहेत. त्यांवर चाकं ठेवायची, रोलर चाकांना फिरवतात, आपण आत बसून ब्रेक दाबायचा. उडालेली धूळ एका कागदावर जमते, ती मोजायची. आमचा तपासनीस कामाला पक्का. त्याने यंत्र सुरू केलं.

"दाबा ब्रेक!"

"दाबला!"

"अहो, दाबा!"

"दाबलाय!"

"पूर्ण दाबा!"

"याहून खाली जमीन आहे!"

चाकं आपली मजेत फिरत होती. तपासनीसाने यंत्राकडे बघितलं, यंत्रावर चापट मारली, पुन्हा बघितलं. मग कागद काढून उजेडात धरला. कागद पांढराशुभ्र होता. धूळ शून्य. आवाज शून्य.

आतापर्यंत आलेल्या एकाही गाडीला शून्य मिळालं नव्हतं. बातमी साहेबांच्या केबिनपर्यंत गेली. साहेब स्वतः खाली आले, कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि नोकरीत पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"साहेब," तपासनीस हळूच म्हणाला, "पण चाकं थांबत नाहीयेत."

"आपण काय मोजतो?"

"धूळ आणि आवाज."

"मग? गाडी थांबते की नाही हे शेजारच्या इमारतीतलं खातं बघतं. आपल्या फॉर्मवर तसा रकाना आहे का?"

तपासनीसाने फॉर्म उलटसुलट करून बघितला. रकाना नव्हता. (तो आधी होता. मीच काढला होता. फॉर्म एका पानात बसत नव्हता.)

मी प्रमाणपत्रावर शिक्का मारला. दोनदा मारला, आनंदाने. आणि साहेब म्हणाले, "आपल्या खात्याच्या मासिकासाठी एक फोटो होऊन जाऊ दे. मी आत बसतो, तुम्ही गाडी शेडबाहेर घ्या. मागे आपली बाग दिसली पाहिजे."

ही बाग साहेबांची लाडकी. पन्नास रोपं, प्रत्येकाला कुंपण, प्रत्येकासमोर नावाची पाटी, आणि मध्ये खताचा मोठा ढीग. शेडमधून बागेकडे जाणारा रस्ता उताराचा आहे. हेही मला रोज दिसायचं. चालणाऱ्या माणसाला त्याचं काही वाटत नाही.

गाडी बाहेर आली. फोटोवाला कॅमेरा घेऊन पुढे उभा होता.

"इथेच थांबवा," साहेब हसत म्हणाले.

"हो साहेब."

"जरा पुढे आली वाटतं. हरकत नाही, इथे थांबवा."

"थांबवतोय, साहेब."

"बाग जवळ येतेय हो."

"मलाही तसंच वाटतंय, साहेब."

"अहो, थांबवा!"

मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. पुढे तीसेक बटणं होती, ती सगळी दाबली. वायपर सुरू झाले, काचा खाली गेल्या, साहेबांची सीट आडवी झाली, आणि आडव्या झालेल्या साहेबांसकट आम्ही बागेत शिरलो. वेग फार नव्हता, पण ठामपणा होता. पहिली रांग गेली, दुसरी गेली, आणि खताच्या ढिगात गाडीचं नाक रुतलं तेव्हा कुठे आम्ही थांबलो. खत उघड्या खिडक्यांमधून आत आलं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. रोपं सोडून.

सगळे धावत आले, शेडमध्ये थांबलेली बायकोही. तपासनीसाने वाकून चाकावरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

"तेल!"

"तेल?" सीटवर आडवे पडलेले साहेब म्हणाले.

बायकोने त्याचं बोट बघितलं. मग माझ्या खिशातून वर आलेली डबीची लांब चोच बघितली. "अहो," ती म्हणाली, "हे तर कपाटाच्या दाराचं!"

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण लांबवण्यासारखं त्यात माझ्या बाजूने काही नाही. शनिवारी मेहुणा परत आला. तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही, तो खताच्या ढिगाशेजारी बसून पोट धरून हसला. ब्रेक गरम करायचे म्हणजे मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा वेळा जोरात दाबायचे, बस्स, असं त्याने सांगितलं. तेल प्यालेले ब्रेक आता बदलावे लागणार होते आणि नवे यायला दीड महिना लागणार होता. प्रमाणपत्र मात्र रद्द झालं नाही. गाडीने धूळ उडवली नाही आणि आवाज केला नाही, हे खोटं आहे असं कोणालाच म्हणता येईना. त्यामुळे शहरात कुठेही फिरायची त्या गाडीला पूर्ण परवानगी आहे. ती गॅरेजमध्ये उभी असते. फॉर्मवर "गाडी थांबते का?" हा रकाना परत आला आहे. तो मीच टाइप केला. पन्नास रोपांपैकी जी गेली ती मी रोज ऑफिस सुटल्यावर लावतो आहे.

परवा सकाळी मोजे काढायला कपाट उघडलं. दार करकरलं. बायकोने माझ्याकडे एकदा बघितलं आणि फोन उचलला.

"अरे, कपाटाला तेल घालायला येतोस का? ...अरे हो, गाडी नाही का. मग बसने ये ना."

पलीकडून तो बराच वेळ काहीतरी बोलत होता.

"त्याची नको काळजी करूस," बायको म्हणाली, आणि माझ्याकडे बघून चक्क हसली. "हे आहेत ना. हे बघतील."

अकरा वर्षं! मी मोजे तसेच हातात घेऊन उभा राहिलो. तिने फोन ठेवल्यावर, आवाज शक्य तितका साधा ठेवत विचारलं, "काय बघायचंय मी?"

"तो पाचच्या बसने येतोय. त्याची हत्यारांची पेटी फार जड आहे," ती म्हणाली. "तेवढी स्टॉपवरून उचलून आणा. आणि वाटेत उघडू नका."